विशेष मुलांच्या वर्गाचे साहित्य: आधी काय घ्यावे, काय स्वतः करावे आणि काय टाळावे

विशेष मुलांसाठी नवा वर्ग सुरू करायचे ठरले की पहिली बैठक बहुधा साहित्याच्या यादीवर होते. देणगीदार विचारतात, काय लागेल ते लिहून द्या, आणि यादी दोन दिवसांत हवी असते. मुले मात्र अजून वर्गात आलेलीच नसतात. अशा घाईत लिहिलेल्या यादीतून आलेले रंगीत खोके मी कपाटात वर्षानुवर्षे बंद पडलेले पाहिले आहेत, आणि त्याच कपाटाशेजारी बाकावर पाय लोंबकळत, एका अंगावर कलून बसलेले मूलही पाहिले आहे. त्या मुलाला त्या दिवशी पायाखाली चार इंच उंचीचा एक पाट हवा होता. म्हणून पुढील साहित्य मी ज्या क्रमाने वर्गात यावे असे मला वाटते, त्याच क्रमाने मांडले आहे.

डोळ्यांसमोर वर्ग ठेवला आहे तो तालुक्याच्या गावातील एका खोलीचा: बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम) किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा कमी असणे) असलेली आठ-दहा मुले, वय 6 ते 14, एक विशेष शिक्षक आणि एक मदतनीस.

खरेदीच्या आधी दोन आठवडे

पहिले दोन आठवडे वही, पेन आणि घरात असलेल्या वस्तू एवढ्यावरच वर्ग चालवावा. प्रत्येक मुलासाठी वहीची चार पाने ठेवावीत आणि रोज लिहावे: मूल कसे बसते व किती वेळ बसते, एखादी गोष्ट हवी असली तर ती कशी मागते, बोट दाखवून, हात ओढून, रडून की शब्दाने, कोणत्या हाताने धरते आणि काय धरू शकत नाही, कोणत्या आवाजाने दचकते, कोणत्या वस्तू तोंडात घालते. सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेने तयार केलेली एफएसीपी ही, मुलाला काय येते आणि काय नाही हे नोंदवण्याची पडताळा सूची बहुतेक विशेष शिक्षकांच्या परिचयाची आहे. ती भरताना ही वही हाताशी असली म्हणजे रकान्यांतील खुणा अंदाजाने होत नाहीत.

त्यानंतर प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात पहिल्या तिमाहीसाठी तीनच उद्दिष्टे लिहावीत आणि प्रत्येक उद्दिष्टासमोर ‘हे कशाने शिकवणार’ असा एक रकाना आखावा. त्या रकान्यात जे येईल, तीच वर्गाची खरी यादी. ज्या वस्तूसमोर कोणत्याही मुलाचे नाव लिहिता येत नाही, ती वस्तू या वर्षी घेऊ नये. देणगीदाराला थांबणे शक्यच नसेल तर त्याच्याकडे आधी खोलीचे काम मागावे, कारण ते कोणतेही मूल आले तरी वाया जात नाही.

खोली

दाराची मोकळी रुंदी किमान 900 मिलिमीटर असावी, उतरत्या वाटेचे प्रमाण 1:12 असावे, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी, आणि खोलीत एका ठिकाणी तरी 1500 मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा असावी, ज्यात व्हीलचेअर पूर्ण वळते. पुष्कळ ठिकाणी उताराला जागा पुरत नाही म्हणून तो उभा केला जातो. असा उतार मदतनीसाच्या पाठीवर येतो आणि उतरताना मुलाच्या जिवावर. जागा कमी असेल तर उतार मध्ये सपाट टप्पा देऊन वळवावा, पण प्रमाण मोडू नये.

आवाजाकडे आपले फारसे लक्ष जात नाही. स्वमग्न मुलाला मात्र करकरणारा पंखा, फरशीवर ओढली जाणारी खुर्ची आणि शेजारच्या वर्गातील पाढे हे सगळे एकाच वेळी, सारख्याच जोराने ऐकू येत असते. पंख्याला तेल, खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच, खिडकीला जाड कापडाचा पडदा आणि लुकलुकणारी ट्यूब बदलून साधा एलईडी दिवा, इतक्या कामाला फारसा खर्च येत नाही. एका कोपऱ्यात कपाट आडवे लावून त्यामागे गोधडी आणि दोन उशा ठेवाव्यात. मूल गोंधळले तर शांत होण्यासाठी ती जागा आहे. तिथे शिक्षा म्हणून कोणालाही बसवू नये, नाहीतर आठवड्याभरात मूल त्या कोपऱ्याला घाबरू लागते आणि तो कायमचा निरुपयोगी होतो.

बसण्याची सोय

पेन्सिलच्या आधी खुर्ची. ज्या मुलाची सगळी शक्ती पडू नये म्हणून तोल सावरण्यात जाते, त्याच्या हातात लिहायला बळ उरत नाही, आणि मग आपण त्याच्या नावापुढे ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मारतो. बसल्यावर कंबर, गुडघे आणि घोटे साधारण काटकोनात असावेत, तळपाय पूर्ण टेकलेले असावेत आणि टेबल कोपराच्या उंचीला असावे. गावातील सुताराकडून हे होते, मात्र मापे आपण घेऊन द्यावी लागतात. खुर्चीची बैठक पुढून मागे किती लांब हवी हे मोजताना पार्श्वभागाच्या मागच्या कडेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत मोजावे आणि त्यातून दोन बोटे वजा करावीत. बैठकीची उंची म्हणजे त्या खळगीपासून टाचेपर्यंतचे अंतर, चप्पल घालून. वाढत्या वयात ही मापे बदलतात, म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे आणि पायाखालचा पाट सुटा ठेवावा, म्हणजे तो बदलणे सोपे जाते.

टेबलाला पोटाच्या बाजूने अर्धगोल खाच कापून घेतली तर दोन्ही कोपर टेकतात आणि धड स्थिर राहते. कडेला अर्ध्या इंचाची पट्टी ठोकली तर वस्तू घरंगळत नाहीत. जमिनीवर बसणाऱ्यांसाठी भिंतीच्या कोपऱ्यासारख्या दोन काटकोनी फळ्यांचे आसन आणि पुढ्यात चौरंग पुरतो. दोन्ही पाय मागे बाजूंना टाकून मांड्यांमध्ये बसण्याची सवय पुष्कळ मुलांना असते. ती मोडताना रागावू नये, पाय पुढे घेऊन बसायला जागा आणि पाठीला टेका द्यावा.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाची खुर्ची, उभे राहण्याची चौकट किंवा पायाचे स्प्लिंट भौतिकोपचार तज्ज्ञाने (फिजिओथेरपिस्टने) मूल पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुसऱ्या मुलाची जुनी खुर्ची प्रेमाने दिली जाते, परंतु चुकीच्या मापाच्या खुर्चीत रोज पाच तास बसलेल्या मुलाची पाठ वाकडी होऊ शकते. आणि पट्ट्यांविषयी एक गोष्ट मी प्रत्येक मदतनीसाला पहिल्याच दिवशी सांगते: कंबरेचा पट्टा आधारासाठी असतो. जे मूल उठू शकते आणि केवळ उठून पळते, त्याला पट्टा लावणे म्हणजे त्याला बांधणे आहे, आणि ते कोणत्याही कारणाने करू नये.

बोलण्याचे साहित्य

वर्गातील सर्वांत मोलाचे साहित्य कोणते, असे कोणी विचारले तर मी ‘नको’ लिहिलेले चित्रकार्ड दाखवीन. न बोलणाऱ्या मुलाला शाळेत बहुधा पहिले कार्ड ‘शू’चे मिळते, कारण ती आपली सोय असते. मुलाला मात्र ‘नको’, ‘अजून’, ‘थांब’, ‘मदत’, ‘दुखतंय’ हे आधी लागते. जे मूल चावते, ओरबाडते किंवा डोके आपटते, त्याच्याकडे ‘नको’ म्हणण्याचे दुसरे साधनच नाही, असे बहुतेक वेळा आढळते. कार्ड हाती आल्यावर आणि त्या कार्डाचा मान आपण राखल्यावर ते वागणे हळूहळू कमी होते.

सुरुवात कार्डानेच व्हावी असे नाही. काही मुलांना चित्र म्हणजे वस्तू हा संबंध अजून कळत नसतो. त्यांच्यासाठी खरी वस्तूच खूण म्हणून वापरावी: वाटी म्हणजे डबा खायची वेळ, चप्पल म्हणजे बाहेर, रुमाल म्हणजे हात धुणे. त्यानंतर त्याच वस्तूंची छायाचित्रे घ्यावीत, आणि ती मुलाच्या स्वतःच्या वस्तूंची असावीत. बाजारातील तक्त्यावरचा काचेचा पेला पाहून स्टीलच्या फुलपात्रातून पाणी पिणाऱ्या मुलाला पाणी आठवेलच असे नाही. छायाचित्रांनंतर रेषाचित्रे आणि जमेल त्याला शब्द. कार्डे अडीच इंच चौरस कापून लॅमिनेट करावीत, कोपरे गोल करावेत आणि प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती काढून ठेवाव्यात, कारण सर्वांत आवडते कार्डच आधी हरवते. वेल्क्रोची मऊ बाजू सर्व कार्डांना आणि खरखरीत बाजू सर्व फलकांना, असा नियम एकदा ठरवून तो पाळावा. नाहीतर वर्षाच्या मध्यात निम्मी कार्डे निम्म्या फलकांना चिकटत नाहीत.

कार्डावर कोणता शब्द लिहायचा, हे आईला विचारून ठरवावे. घरात अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी किंवा गोरमाटी बोलली जात असेल तर मुलाचा पहिला शब्द त्याच बोलीतला असतो, आणि तोच कार्डावर आणि शिक्षकाच्या तोंडी असावा. हा फलक मुलाच्या गळ्यात किंवा खुर्चीला अडकवलेला असावा आणि तो शौचालयात, गाडीत, मैदानावरही त्याच्याबरोबर जावा. भिंतीवर उंच टांगलेला फलक पाहुण्यांना दिसतो, मुलाच्या हाताला लागत नाही.

टॅबलेट घेता आला तर आयआयटी मुंबईत तयार झालेले जेलो हे ॲप मोफत मिळते आणि त्यात मराठी आहे. चित्राला स्पर्श केला की आवाज येतो. मात्र असा टॅबलेट त्या मुलाचा आवाज आहे, हे वर्गातील सर्वांनी मानले पाहिजे. त्यावर गाणी लावू नयेत, आणि मूल ‘फार बोलते’ म्हणून तो काढूनही घेऊ नये. टॅबलेट बंद पडेल त्या दिवसासाठी त्याच चित्रांचा कागदी फलक तयार असावा.

याच्या जोडीला दिनक्रमाची पट्टी हवी: दिवसातील कामांची चित्रे वरून खाली लावलेली आणि तळाशी ‘झाले’ असे लिहिलेला एक खण. काम संपले की मूल स्वतः चित्र काढून त्या खणात टाकते. ज्याला सगळा दिवस झेपत नाही त्याला ‘आधी’ आणि ‘मग’ अशी दोनच घरे द्यावीत. वेळ दिसावी यासाठी पाच मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवावे. ‘थोडा वेळ’ या शब्दांनी स्वमग्न मुलाला काहीच कळत नाही, वाळू खाली जाताना मात्र दिसते.

शिकण्याचे साहित्य

येथे माझा आग्रह खऱ्या वस्तूंचा आहे. चौदा वर्षांच्या मुलाला प्लॅस्टिकची फळे देऊन आपण त्याचे बालपण लांबवतो, आणि प्लॅस्टिकच्या केळ्याची साल सोलताही येत नाही. पैसे शिकवायचे तर खरी नाणी आणि 10 व 20 रुपयांच्या नोटा घ्याव्यात आणि आठवड्यातून एकदा किराणा दुकानात जावे. बटण लावायला शिकवण्यासाठी लाकडी चौकट विकत मिळते. ती टेबलावर समोर ठेवली की बटणांची दिशा अंगावरच्या सदऱ्याच्या उलट दिसते, त्यामुळे चौकटीवर पटाईत झालेले मूल सदऱ्यापाशी अडते. त्यापेक्षा मोठ्या मापाचा जुना सदरा मुलाच्या अंगातील कपड्यांवरच चढवावा.

मोजणीसाठी चिंचोके, सागरगोटे, शेंगा उत्तम. परंतु वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाच्या हाती 3.2 सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून आरपार जाणारी कोणतीही वस्तू देऊ नये. नाणी, कडधान्ये, बटण-सेल आणि लहान शक्तिशाली चुंबके कुलपात ठेवावीत. गिळलेला बटण-सेल अन्ननलिका जाळू शकतो आणि दोन चुंबके पोटात एकमेकांना ओढून आतडे फाडू शकतात; गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अक्षरे गिरवण्यासाठी रांगोळीऐवजी रव्याचे ताट वापरावे, कारण रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती नाकाडोळ्यांत जाते. मातीकामासाठी मीठ, तेल आणि हळद घालून मळलेली कणीक चालते. पावसाळ्यात ती रोज ताजी मळावी. चुंबकाची अक्षरे लावायला स्टीलचे ताट घेणार असाल तर दुकानात चुंबक बरोबर न्यावे, कारण प्रत्येक स्टीलला चुंबक चिकटत नाही.

एकट्याने काम करण्याची सवय लावण्यासाठी श्रीखंडाचे रिकामे डबे पुरतात. डावीकडे तीन डबे, प्रत्येकात एकच काम, चमचे वेगळे करणे, मोजे जोडणे, झाकणे लावणे; उजवीकडे रिकामी टोपली. तीन डबे उजवीकडे गेले की काम संपले आणि आवडीची गोष्ट मिळाली. किती काम आहे, ते कधी संपणार आणि पुढे काय, हे तिन्ही न बोलता कळते.

लेखनसामग्री थोडक्यात: जाड पेन्सिली, आपोआप उघडणारी स्प्रिंगची कात्री, ठळक रेघांच्या वह्या आणि कागद सरकू नये म्हणून क्लिप. पेन्सिलीचे लहान तुकडे टाकून देऊ नयेत. तुकडा मुठीने धरता येत नाही, म्हणून बोटे आपोआप योग्य ठिकाणी जातात. जुनी बॉक्स फाइल आडवी ठेवली की उतरती लेखनफळी तयार होते.

अलिम्कोकडून, म्हणजे कानपूरच्या भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमाकडून, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी एमएसआयईडी हा शैक्षणिक संच मिळतो. तो हाती आला की लगेच उघडून त्यातील प्रत्येक वस्तू मुलांच्या उद्दिष्टांशी जुळवून कागदावर लिहावी. संच जपून ठेवण्यासाठी नसतो. तो झिजला तरच तो उपयोगी पडला असे समजावे.

खाणे, शौच आणि फिट

उंच काठाचे ताट, सायकलच्या हँडलचे रबर चढवलेला जाड दांड्याचा चमचा आणि ताटाखाली ओले फडके, एवढ्याने पुष्कळ मुले स्वतःच्या हाताने जेवू लागतात. ज्याला पाणी पिताना ठसका लागतो त्याला मान मागे टाकून पाणी पाजू नये. नाकाच्या बाजूला खाच असलेला कप द्यावा आणि गिळण्याची तपासणी करून घ्यावी.

शौचालयात भिंतीला पक्का धरदांडा, पायाखाली पाट, हातमोजे, झाकणाची बादली आणि प्रत्येक मुलाच्या नावाच्या पिशवीत दोन जोड कपडे हवेत. पडदा हवाच. मोठ्या मुलीचे कपडे स्त्री मदतनीसानेच बदलावेत, आणि मूल कितीही लहान असले तरी हात लावण्यापूर्वी त्याला सांगावे. वयात आलेल्या मुलींसाठी पॅड आणि ते कसे वापरायचे याची चित्रपट्टी शौचालयाच्या आतील बाजूस लावावी.

फिट येणाऱ्या मुलांची यादी, त्यांच्या औषधांच्या वेळा आणि पालकांचे क्रमांक दाराच्या आतील बाजूस असावेत, आणि शेजारी सेकंद काट्याचे घड्याळ. फिट आली की वेळ पाहावी, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवाव्यात, डोक्याखाली मऊ कापड द्यावे आणि मुलाला कुशीवर करावे. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, पाणी पाजू नये, हातपाय दाबून धरू नयेत. झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त टिकले, शुद्धीवर न येता पुन्हा आले किंवा श्वास नीट येत नसेल तर 108 ला फोन करावा.

थांबून घेण्याच्या गोष्टी

संवेदना खोली म्हणून लखलखणारे दिवे, बुडबुड्यांच्या नळ्या आणि झोके यांचा मोठा खर्च सुचवला जातो. व्यवसायोपचार तज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) नियमित येत नसेल तर हा खर्च थांबवावा. लुकलुकणारा प्रकाश काही अपस्मारग्रस्त मुलांना फिट आणू शकतो, आणि वजनाचे जाकीट किंवा पांघरूण तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय कोणाच्याही अंगावर घालू नये. कान झाकणारे हेडफोन आणि चघळण्याची रबरी नळी मात्र गरज असलेल्या मुलासाठी लगेच घ्यावी, प्रत्येकाची वेगळी.

वर्गात दृष्टी किंवा श्रवणाची अडचण असलेले मूल आले तर साहित्य वेगळे लागते. अंध मुलाला ब्रेल पाटी व कलम, जाड कागद, गणितासाठी टेलर फ्रेम किंवा अबॅकस, आणि हे शिकवणारा प्रशिक्षित शिक्षक. अल्पदृष्टी असलेल्या मुलाला काळे जाड पेन, वाचनाचा उभा स्टँड आणि पाठीमागून किंवा बाजूने येणारा उजेड. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाची रोज सकाळी तोंड झाकून ‘आ, ई, ऊ, म, श, स’ या सहा आवाजांनी तपासणी करावी. एखादा आवाज ऐकू आला नाही तर सेल, नळी किंवा यंत्र पाहावे. बंद यंत्र कानात घालून दिवसभर बसलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या प्रगतिपुस्तकात ‘प्रतिसाद कमी’ असे लिहिलेलेही वाचले आहे.

हक्काने मागण्याचे साहित्य

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या विद्यार्थ्याला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहाय्यक साधने मोफत पुरवणे ही शासनाची जबाबदारी आहे. म्हणून व्हीलचेअर, श्रवणयंत्र, कॅलिपर (पायाला आधार देणारी चौकट) अशी साधने देणगीतून घेण्यापूर्वी पालकांकडे मुलाचे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, आहे का ते पाहावे, नसेल तर अर्ज भरायला मदत करावी, आणि समग्र शिक्षा अभियानाच्या मोजमाप शिबिराची तारीख गट साधन केंद्रातून विचारून घ्यावी. शिबिरात मुलाबरोबर शिक्षकानेही जावे. घरचा उंबरा किती उंच आहे आणि मूल शाळेत कोणत्या रस्त्याने येते, हे मोजमाप घेणाऱ्याला सांगणारे तिथे दुसरे कोणी नसते.

आलेली प्रत्येक वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढवावी लागते, आणि नेमके त्यामुळेच हरवण्याच्या भीतीने ती कुलपात जाते. मुख्याध्यापकांशी आधीच बोलून कार्डे, कात्र्या, चमचे, कणीक, डबे अशा झिजणाऱ्या वस्तू उपभोग्य साहित्याच्या नोंदवहीत घ्याव्यात आणि कपाटाचे खालचे दोन खण मुलांच्या हाताला येतील असे, विनाकुलूप ठेवावेत. जूनमध्ये शाळा उघडण्याआधी लॅमिनेशनच्या कडा तपासाव्यात, कारण पहिल्या पावसात पाणी तिथूनच आत शिरते. श्रवणयंत्रांसाठी सिलिका जेलची डबी भरावी. आणि सर्व खुर्च्यांचे स्क्रू आवळून, मुले आली की पहिल्याच दिवशी त्यांची मापे पुन्हा घ्यावीत.